लम्पी आणि घरचा हिशेब

अंधेरी-जोगेश्वरीकडच्या तबेल्यांची आणि गोरेगावच्या आरे दूध वसाहतीची ओळख मुंबईकरांना जुनी आहे. आरे वसाहत १९४९ सालची. या भागात म्हशी फार, गाई थोड्या. आणि लम्पी हा रोग मुख्यतः गाई-बैलांचा. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबईत गुरांची ने-आण बंद करण्याचा हुकूम निघालाच. दूध घ्यावे की नाही, अशी कुजबूजही सुरू झाली. ती व्यर्थ होती. हा रोग माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावे म्हणजे झाले.

खरी ओढाताण झाली ती खेड्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला त्या वर्षीच्या साथीत हा रोग राज्यात प्रथम आढळला. माश्या, डास, गोचीड यांनी तो पसरतो. ताप येतो, अंगावर गाठी उठतात, पाय सुजतात. सरकारने गुरांचे बाजार बंद केले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना फुकट टोचली. मेलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० असे साहाय्य ठरले. हे चांगलेच झाले. पण जी गाय जगली, तिचे काय?

शिक्षक बंधूंनी हे गणित फळ्यावर घालून पाहावे. समजा, गाय रोज ८ लिटर दूध देत होती, ती ३ लिटरवर आली आणि दीड महिना तशीच राहिली. ३० रुपये भावाने ६,७५० रुपये गेले. औषधपाणी निराळेच. गाभण असून गाभडली, तर पुढचे वेतच लांबले. बैल पडला तर पेरणीला दुसऱ्याची जोडी भाड्याने आणायची, आणि तीही घात साधून मिळेल तेव्हा. बाजार बंद, म्हणून विकायची सोय नाही. पतपेढीचा हप्ता मात्र थांबत नाही. यातला एक पैसाही त्या साहाय्यात धरलेला नाही.

गोठ्यातले जनावर तापले की त्याला वेगळे बांधा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा; २००९ च्या कायद्याने ते मालकाचे कामच आहे. आणि जनावर दगावलेच, तर डॉक्टरांनी पाहून दाखला दिल्याशिवाय पुरू नका. २०२२ च्या साहाय्याचा अर्जही त्या कागदाविना पुढे सरकत नव्हता.