जुन्या मोटारीची इंधनशिस्त



इंधनाचा विषय निघाला की चर्चा बहुधा आखाती देश, डॉलरचा दर आणि सरकारी कर यांच्याकडे वळते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण त्यांपैकी एकही सामान्य कुटुंबाच्या हातातली नाही. हातातली आहे ती दारात उभी असलेली मोटार. म्हणून आज विचार करावयाचा आहे तो या मोटारीचा, आणि तोही नव्या कोऱ्या नव्हे, तर पंधरा-वीस वर्षे घराची सेवा केलेल्या जुन्या सेडानचा.

१९७३ च्या तेलसंकटाने भारताला एक धडा दिला. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मुंबईपासून दूर समुद्रात ‘सागर सम्राट’ने केलेल्या खोदकामात तेल लागले आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घरोघरी पोहोचले. १९७८ साली इंधन-बचतीच्या कार्यासाठी पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजेच ‘पीसीआरए’, स्थापन झाली. एकीकडे नवे तेल शोधणे आणि दुसरीकडे हाती असलेले जपून वापरणे, अशी ही दुहेरी वाट होती. आज देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. पहिल्या वाटेवर तज्ज्ञांनी चालावयाचे असते; दुसऱ्या वाटेवर मात्र प्रत्येक घराला चालता येते.

मध्यमवर्गीय घरात सेडान आली ती मुख्यतः नव्वदच्या दशकात. मारुती एस्टीम १९९४ मध्ये आली, होंडा सिटी १९९८ मध्ये आणि ह्युंदाई ॲक्सेंट १९९९ मध्ये. २००० नंतरच्या दहा वर्षांत विकल्या गेलेल्या अशा कितीतरी गाड्या अजूनही रस्त्यावर आहेत. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून लोक त्या जपतात, कारण गाडी सुस्थितीत असते आणि नवी घेण्याची निकड नसते. तक्रार एकच असते : “पूर्वी चौदा द्यायची, आता दहा-अकरावर आली.”

हे तीन-चार किलोमीटर गेले कोठे? ते एका रात्रीत चोरीला गेलेले नसतात. पाच-सहा लहान छिद्रांतून ते वर्षानुवर्षे गळत असतात. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत मुख्य सूत्र असे, की नवे मायलेज निर्माण करावयाचे नसते, हरवलेले परत मिळवावयाचे असते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : मोजणी, निगा आणि संयम.

प्रथम मोजणी

बहुतेकांचे मायलेज हे अंदाजाचे असते. पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकले आणि काटा अमुक दिवस टिकला, यावरून निष्कर्ष काढले जातात. खरी पद्धत सोपी आहे. एकाच पंपावर टाकी पूर्ण भरावी, नोझल आपोआप बंद होताच थांबावे आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच टाकी भरावी. कापलेल्या अंतराला त्या वेळी भरलेल्या लीटरांनी भागावे. एका मोजणीवर विसंबू नये; सलग तीन-चार वेळांची सरासरी काढावी. डॅशबोर्डच्या खणात एक लहान वही ठेवली, तर वर्षभरात ती वहीच गाडीचा आरोग्य-अहवाल ठरते.

या आकड्याची तुलना कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याशी करू नये. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये ती चाचणी रोलरवर, ठरावीक चक्रानुसार होते. त्यात लक्ष्मी रस्त्याची गर्दी नसते. तुलना करावयाची ती आपल्याच गाडीच्या मागील नोंदींशी. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील, तर मीटर प्रत्यक्षाहून कमी अंतर दाखवतो आणि मायलेज घटल्याचा भास होतो, हेही ध्यानात ठेवावे.

एक घट मात्र खरी आहे आणि तिचा दोष गाडीकडे नाही. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असते. नीति आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींचे मायलेज या मिश्रणाने सुमारे ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. आयात वाचते, महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला बाजार मिळतो, ही त्याची दुसरी बाजू. जुन्या गाडीच्या मालकाने दोन दक्षता घ्याव्यात. इंधनाच्या रबरी नळ्या व सील तडकले आहेत का, हे तपासून घ्यावे. गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते.

निगा : छिद्रे कोठे असतात?

पहिले छिद्र चाकांत. हवेचा दाब चाके थंड असताना, महिन्यातून दोनदा तरी तपासावा. योग्य दाब किती, हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. दाब दर एक पीएसआयने कमी झाला, की मायलेज सुमारे ०.२ टक्के घटते. आकडा लहान वाटतो. पण चारही चाकांत दहा-दहा पीएसआय कमी असणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट नाही. शिवाय कमी हवेचा टायर तापतो आणि द्रुतगती मार्गावर फुटतो. येथे प्रश्न पैशांपुरता उरत नाही.

दुसरे छिद्र ब्रेकमध्ये. जुन्या गाडीत कॅलिपरच्या पिना गंजतात आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी सतत थोडा ब्रेक लावूनच धावत असते. परीक्षा सोपी आहे : गाडी सपाट जागी जॅकवर उचलून चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे. प्रवासानंतर एकच चाक इतरांहून अधिक तापलेले असेल, तर संशयाला जागा आहे.

तिसरे छिद्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन तापते अशी तक्रार आली, की अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची प्रथा होती. तापणे थांबते, मालक समाधानी होतो. पण आता इंजिन कधी पुरेसे गरमच होत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीतील संगणकाला वाटते, की इंजिन नुकतेच सुरू झाले आहे; तो अधिक पेट्रोल सोडत राहतो. वीस मिनिटे चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट आहे का आणि असल्यास उघडाच अडकला आहे का, हे पाहावे. काही शे रुपयांच्या या सुट्या भागापायी वर्षाला कितीतरी लीटर पेट्रोल वाया जाते.

चौथे छिद्र ऑक्सिजन सेन्सर. धुरात प्राणवायू किती उरला, हे तो इंजिनाला सांगतो. तो म्हातारा झाला की त्याची वार्ता उशिरा व चुकीची पोहोचते. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा पेटलेला असताना त्यावर चिकटपट्टी लावणे, हा आजारी माणसाचा ज्वरमापक फोडण्याचा प्रकार आहे.

पाचवे छिद्र इंजिन ऑइलमध्ये. पुस्तिकेत पातळ श्रेणीचे तेल सांगितलेले असताना ‘जुनी गाडी आहे, जाड तेल बरे’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतले जाते. जाड तेल ढवळण्यातही इंधन जळते. गाडीच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवावा. प्लग वेळेवर बदलावेत. एअर फिल्टर मात्र नीट समजून घ्यावा : कार्ब्युरेटरच्या गाडीत तो तुंबला की मायलेज घसरते, इंजेक्शनच्या गाडीत मुख्यतः गाडीचा जोर कमी होतो. फिल्टर बदलावा, पण त्यावरून चमत्काराची अपेक्षा नसावी.

संयम : उजवा पाय

निगा गॅरेजात राखली जाते, संयम मात्र स्टिअरिंगमागे बसणाऱ्याने बाळगावयाचा असतो. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० ने जाताना तो विरोध सव्वादोन पट होतो. मुंबई-पुणे प्रवासात त्यामुळे वाचणारी मिनिटे टोलनाक्यावर किंवा पहिल्याच सिग्नलला संपतात. जळलेले पेट्रोल परत येत नाही. टपावरील रिकामा कॅरिअर आणि डिकीतले वर्षभर न काढलेले सामानही हाच कर वसूल करते.

शहरात वेगापेक्षा धसमुसळेपणा महाग पडतो. पुढे लाल दिवा दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबणे आणि मग ब्रेक मारणे, म्हणजे विकत घेतलेल्या इंधनाची ब्रेकच्या पट्ट्यांवर राख करणे होय. दूरवर नजर ठेवून पाय आधीच उचलावा. उभी गाडी तासाला अर्धा लीटर तरी पिते. रोज वीस मिनिटे सिग्नलला किंवा शाळेच्या दारात इंजिन सुरू ठेवले, तर वर्षाच्या ३०० दिवसांत शंभर तास आणि पन्नास लीटर होतात. अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबणे असेल, तर किल्ली फिरवावी. सकाळी इंजिन पाच मिनिटे उभ्याने तापवण्याची गरज इंजेक्शनच्या गाडीला नाही. हळू चालवली की ती तापतेच. भाजी, बँक आणि औषधे अशी तीन कामे तीन फेऱ्यांऐवजी एकाच फेरीत उरकावीत, कारण थंड इंजिन पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत सर्वाधिक पेट्रोल खाते.

घाटातील न्यूट्रल

आता सर्वांत गंभीर मुद्दा. खंडाळ्याच्या किंवा कात्रजच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणे हे कित्येक घरांत पिढीजात शहाणपण मानले जाते. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळात, कार्ब्युरेटरच्या इंजिनात, त्यातून थोडे इंधन वाचत असे. धोका तेव्हाही होताच. इंजेक्शनच्या गाडीत मात्र गणित उलटे आहे. इंजिन गरम आहे, गाडी गिअरमध्ये आहे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला आहे, अशा वेळी संगणक इंजिनाला जाणारे पेट्रोल बंदच करतो. उतारावर चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकताच इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहण्यासाठी पुन्हा पेट्रोल लागते. म्हणजे वाचवण्यासाठी जे केले जाते, त्यानेच खर्च वाढतो.

आणि गमावले काय जाते? इंजिनाचा रोध. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर निकामी होतात. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड पडते. मागच्या आसनावर आजी आणि नातू बसलेले असताना मूठभर पेट्रोलासाठी हा जुगार खेळणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम इंधनाच्या दृष्टीनेही खरा ठरतो.

चुंबक आणि चमत्कार

पेट्रोलच्या नळीला चुंबक लावा, टाकीत गोळी टाका आणि मायलेज तीस टक्के वाढवा, अशा जाहिराती नेहमीच्या आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारे एकही आढळले नाही. त्या पैशांत चाकांचे अलाइनमेंट आणि नवे प्लग होतात.

प्रामाणिकपणे एक मर्यादाही सांगावयास हवी. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तेल वरचेवर घालावे लागत असेल आणि कॉम्प्रेशनच्या तपासणीत सिलिंडर कमजोर निघाले, तर वरवरच्या उपायांनी काही साधणार नाही. तेव्हा इंजिनाची दुरुस्ती करावी किंवा गाडीला सन्मानाने निरोप द्यावा. जुने जपणे हा गुण आहे. जुन्याचा हट्ट हा नव्हे.

शेवटी एक साधा हिशेब. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी लीटरला अकराऐवजी तेरा देऊ लागली, तर महिन्याला सुमारे १४ लीटर आणि वर्षाला सुमारे १६८ लीटर पेट्रोल वाचते. लीटरला १०० रुपये धरले, तर जवळपास १७ हजार रुपये होतात. एका मुलाच्या वर्षभराच्या पुस्तकांना आणि शिकवणीला त्याचा हातभार लागू शकतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण लहानपणी प्रत्येकाने गिरवलेली आहे. टाकीच्या बाबतीत ती उलटीही खरी आहे : थेंबाथेंबानेच तळे आटते. ते कोठून आटते, हे शोधण्यासाठी फार मोठ्या विद्येची गरज नाही. एक वही, हवेचा दाब मोजण्याचे एक साधन आणि थोडा शांत पाय एवढे पुरे आहे. येत्या रविवारी सकाळी चाके थंड असताना आरंभ करावा.