नळाची धार बारीक का झाली?



आपली डोंबिवली आता मोठे शहर झाली. पण भोपर, नांदिवली, सागाव या बाजूला अजून विहिरी आहेत. विहिरीवर मोटर, गच्चीवर टाकी, टाकीतून घरात नळ. सोय चांगली. पण एक दिवस नळाची धार बारीक होते. घरधनी म्हणतो, "विहीर आटली. मोठी मोटर आणा." नाहीतर म्हणतो, "गडी उतरवा, गाळ काढा."

जरा थांबा. आधी नळाकडे बघा.

एकच नळ बारीक आहे, की सगळे? एकच असेल, तर दोष त्या नळात. तोंडाची जाळी काढा. तिच्यात वाळू सापडेल. धुवा, परत बसवा. झाले काम!

सगळेच नळ बारीक असतील, तर गच्चीवर जा. टाकी भरलेली आहे ना? मग विहिरीला बोल लावू नका. कॉक अर्धा बंद असेल, किंवा जुना लोखंडी पाइप आतून गंजला असेल. आणि बघा, धारेला जोर येतो तो टाकीच्या उंचीने. टाकी नुसती मोठी घेतली म्हणून जोर वाढत नाही.

टाकीच भरत नसेल, तर मोटरकडे या. मोटर बंद करा. विहिरीतला पाइप वर ओढा. त्याच्या टोकाला फुटवॉल असतो. त्याच्या जाळीला पाने, शेवाळ अडकते. ते काढा. पाइपाचे जोडही बघा. जोड सैल असला, की मोटर पाण्याऐवजी हवा ओढते.

आता विहीर. दोरीला दगड बांधून सोडा. मोटरपासून पाणी किती खाली आहे, ते मोजा. आकडा तारखेसह लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते की!

काठावरची मोटर सुमारे २५ फुटांवरूनच पाणी नीट उचलते. असे का? आपण नळीने शहाळे पितो. वाटते, आपण पाणी ओढतो. खरे तर बाहेरची हवा ते वर ढकलते. इटलीच्या तोरिचेल्लीने हे १६४४ साली लिहून ठेवले. हवेचा जोर फार तर ३४ फुटांपर्यंत पुरतो. वैशाखात पाणी खोल गेले, की काठावर कितीही मोठी मोटर बसवा, पैसे फुकट. तिथे पाण्यात बुडणारी मोटर हवी.

राहिला गाळ. इथे मात्र हात जोडून सांगतो, कुणाला असेच उतरवू नका. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला एक गडी विहीर साफ करायला उतरला. तो वर आला नाही. त्याच्यासाठी दुसरा उतरला, मग तिसरा. मग अग्निशामक दलाचे २ जवान. पाचही जण गेले. आत विषारी वायू होता.

कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. तिच्यावर विसंबू नका. काही विषारी वायूंत दिवा जळत राहतो, माणूस मात्र पडतो. हवा तपासायचे यंत्र, अंगाला दोर आणि वर माणसे असतील, अशाच जाणत्यांकडून गाळ काढा. आत कोणी पडलाच, तर सख्खा भाऊ असला तरी मागोमाग उतरू नका. १०१ ला फोन करा, आणि विहिरीत विषारी वायू असेल, हे आधी सांगा.