पाण्याची पाळी विचारा



आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुम्हा तरुण डॉक्टर-परिचारिकांपैकी एकानेही नारूचा रुग्ण पाहिलेला नसेल. माझ्या पिढीने पाहिले. पायावर फोड यायचा, आगडोंब उसळायचा आणि फोड फुटला की शेवईसारखा पांढरा जंत डोकं बाहेर काढायचा. तो ओढता येत नसे. तुटला तर पाय सुजून पिकायचा. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. कित्येक आठवडे माणूस खाटेला खिळलेला, आणि तेही बरेचदा ऐन पेरणीच्या तोंडावर.

या रोगावर लस नव्हती, जंत मारणारं औषध नव्हतं. आजही नाही. तरीही भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदवला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पाणी फडक्यातून गाळून प्यायचं, नारू निघालेल्याने पाण्यात उतरायचं नाही, आणि पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंपाचं किंवा कठडा बांधलेल्या विहिरीचं पाणी वापरायचं. उपाय एवढेच होते.

पण हे लोकांना पटावं कसं? दूषित पाणी पोटात गेल्यापासून नारू बाहेर यायला जवळजवळ वर्ष लागतं. गेल्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्यामुळे यंदा पायाला फोड आला, यावर कुणी का विश्वास ठेवावा? माणसं अडाणी होती म्हणून ऐकत नव्हती, असं मी कधीच मानलं नाही. ती अनुभवावरून ठरवत होती आणि हा रोगच अनुभवाला चकवा देणारा होता. मग शहाणे कार्यकर्ते व्याख्यान देत बसले नाहीत. त्यांनी गावच्याच विहिरीचं पाणी फडक्यातून गाळलं, फडक्यावर उरलेलं काचेच्या ग्लासात धुऊन घेतलं आणि ग्लास उन्हात धरला. पाण्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसत. नारूची पिल्लं पोटात घेऊन फिरणारे सूक्ष्म जीव ते हेच. डोळ्यांनी पाहिल्यावर बायका घरी जाऊन हंड्याच्या तोंडाला फडकं बांधत. पायऱ्यांची विहीर बंद करणं मात्र इतकं सोपं नव्हतं. तिथे देव असतो, पूजा असते, चार घटका टेकायची जागा असते. असा निर्णय गावानेच एकत्र बसून घ्यावा लागतो.

याच्या नेमकं उलट काय होतं, तेही आपल्याच मातीत घडलेलं आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, माणसांना उचलून छावण्यांत नेलं, सामान जाळलं. रोगी वेगळा ठेवणं आणि घर निर्जंतुक करणं या गोष्टी त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होत्या. पण लोकांनी रोगी लपवले, मृत्यू लपवले, कित्येकांनी शहर सोडलं, आणि ज्यासाठी झडत्या चालल्या होत्या तेच साधेनासं झालं. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे तुम्ही शाळेत शिकलात. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. त्या ज्या वस्त्यांत जात, तिथल्या माणसांसाठी त्या परक्या नव्हत्या. पुण्याच्या त्या वर्षाकडे मी इतिहास म्हणून पाहत नाही. साथीच्या प्रत्येक बैठकीत मला ते आठवतं.

आता आजची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले होते. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंबरोबर मी घरभेटींना गेले. ताईंनी बॅटरीचा झोत पिंपात टाकला आणि अळ्या वळवळत तळाकडे गेल्या. आमच्याबरोबरचा कर्मचारी म्हणाला, "मावशी, हे पाणी ओतून द्या." मावशी त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "नळाला पाणी दहा दिसांनी येतंय. हे सांडलं तर लेकरांना काय पाजू? तुमी आणून देता का?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आशाताईंनी विचारलं, "तुमच्या गल्लीची पाळी कधी हाय?" "परवा." "मग हे पाणी आत्ता फडक्यातनं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. पाळीच्या आदल्या रात्री पिंप रिकामं करा, आतून काथ्यानं घासा. आन् भरलं की लगेच लुगड्याचं फडकं बांधा, ताणून."

यात कीटकशास्त्र पुरेपूर आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाणी दहा दिवसांनी येणार असेल तर फडक्याशिवाय गत्यंतर नाही. पण ताईंनी शास्त्राची सुरुवात पाण्याच्या पाळीपासून केली. पुढे त्या गावातल्या बायकांनी ठरवलं, की कार्यालयातून आलेला कोरड्या दिवसाचा, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून घासण्याचा, वार बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक गल्लीने आपल्या पाळीचा आदला दिवस कोरडा पाळायचा. जिल्ह्याच्या तक्त्यात हे बसत नव्हतं. माझ्या मते तक्ता बदलायला हवा होता.

आपले फलक काय सांगतात, तेही पाहा. "परिसर स्वच्छ ठेवा, डेंग्यू टाळा." पण एडिसला तर स्वच्छ, साठवलेलं पाणीच आवडतं. जिचं अंगण लख्ख आहे आणि पिंप काठोकाठ भरलेलं आहे, ती हा फलक वाचून निर्धास्त होते. तो लिहिण्याआधी एखाद्या घरी नेऊन वाचून दाखवला असता तर ही चूक तिथल्या तिथे कळली असती.

गावाला सोबत घेऊन काम करण्याची ही रीत नवी नाही. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आलं. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या अनेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. आज देशभर दिसणाऱ्या आशाताईंच्या मागे अशा प्रयोगांचा अनुभव आहे. पण आशा योजना २००५ मध्ये सुरू झाल्यापासून आशांना पगारी कर्मचारी मानलं गेलेलं नाही; त्यांना मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. ज्यांच्या शब्दावर गावाचा विश्वास आहे त्यांनाच आपण असं वागवतो, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही अधिकारी व्हाल तेव्हा त्यांची बिलं तुमच्या टेबलावर अडू देऊ नका. बैठकीत त्यांना मागच्या सतरंजीवर बसवू नका, आणि गावाबद्दल बोलायची वेळ आली की आधी त्यांना बोलू द्या.

तुमच्यापैकी बरेचजण लवकरच प्राथमिक आरोग्य केंद्रांवर रुजू व्हाल. नेमणुकीनंतरची पहिली ग्रामसभा चुकवू नका. माइक हातात आला की लगेच डासांवर बोलू नका. आधी विचारा: पाण्याची पाळी किती दिवसांनी येते, गटार कुठे तुंबतं, दवाखान्याकडे येणारी एसटी किती वाजता असते, रात्री ताप चढला तर माणसं कुणाकडे जातात. पारावरच्या पुरुषांकडून उत्तरं मिळाली, की मागे बसलेल्या बायकांना तेच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं वेगळी येतील. सगळं वहीत लिहून घ्या. गावाच्या आरोग्य समितीकडे थोडा निधी असतो. तो कशावर खर्च व्हावा हे त्या वहीवरून समितीत ठरू द्या. आणि पुढच्या ग्रामसभेत उभं राहून सांगा, की मागच्या वेळी तुम्ही सांगितलेल्यापैकी काय झालं, काय राहिलं आणि का राहिलं.