वाडीपासून शाळा किती लांब?

भाकऱ्या थापत असाल तर थापत राहा, कान तेवढे इकडे द्या. आज मी सायकलीच्या मीटरविषयी बोलणार आहे. दुकानात त्याला जीपीएस सायकल कॉम्प्युटर म्हणतात. कॉम्प्युटर म्हटलं की टेबलावरचा टीव्हीसारखा डबा डोळ्यापुढे येतो. हे यंत्र मात्र काडेपेटीहून थोडं मोठं आहे आणि सायकलीच्या हँडलला रबरानं बसतं. आमच्या गटात सगळ्या त्याला मीटरच म्हणतात.

मीटर माझ्या भाच्याचं. तो पुण्यात नोकरीला आहे, रविवारी सिंहगडाकडे सायकल मारतो. दिवाळीत नवीन घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, महिनाभर तुझ्याकडे ठेव. तुमच्या रस्त्यांवर काय दाखवतं ते बघू." त्याला गंमत होती, आम्हाला गरज. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत. पुढं मुली मोठ्या गावच्या शाळेत जातात. ती शाळा किती लांब, यावर आमच्याकडे कित्येक वर्षं वाद आहे. कागदावर चार किलोमीटर लिहिलंय. रोज जाणाऱ्या मुली म्हणतात, सहा. मुलींचं कोण ऐकतं?

मीटर सुरू केलं की आधी अंगणात उघड्यावर धरायचं. पहिल्या दिवशी त्याला आकाशातले उपग्रह सापडायला दोन-तीन मिनिटं लागली, नंतर अर्ध्या मिनिटात सापडू लागले. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ असतं आणि तो सारखा सांगत असतो, मी अमुक ठिकाणी आहे, आत्ता इतके वाजलेत. तो संदेश मीटरपर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती लांब ते मीटर काढतं. असे किमान चार उपग्रह सापडले की आपण कुठे उभ्या आहोत ते त्याला कळतं. उघड्यावर चूक साधारण तीन ते पाच मीटरची. चिंचेच्या दाट सावलीत किंवा डोंगराच्या कुशीत ती वाढते. पूर्वी अमेरिकेचं सरकार सामान्य माणसांसाठीचा हा संदेश मुद्दाम थोडा बिघडवून सोडायचं. मे २००० मध्ये त्यांनी ते बंद केलं आणि तेव्हापासून असली छोटी यंत्रं उपयोगाची झाली.

माझ्या सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे ते वरून आपल्याला बघतंय का?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण पुष्कळजणींच्या मनात तो असतो. तुम्ही आत्ता रेडिओ ऐकताय. माझा आवाज तुमच्यापर्यंत येतो, पण तुम्ही कुठे बसलात ते तुमचा रेडिओ मला कळवत नाही. उपग्रहाचं तसंच. मीटर नुसतं ऐकतं. त्याला रिचार्ज लागत नाही आणि मोबाईलची रेंजही लागत नाही. आमच्या खोऱ्यात ही मोठीच सोय.

पण आकडा दाखवला म्हणून तो खरा कसा मानायचा? आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी तपासायची युक्ती काढली. सायकलीच्या पुढच्या टायरवर आणि खाली जमिनीवर खडूनं खूण केली. चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सायकल ढकलली आणि मधलं अंतर टेपनं मोजलं. २ मीटर ६ सेंटीमीटर भरलं. मग स्पोकला लाल दोरा बांधून सडकेनं ५०० फेरे मोजले. दोन मुली मोठ्यानं मोजत होत्या, एक वहीत शंभरी लिहीत होती. हिशोबानं १,०३० मीटर व्हायला हवे होते. मीटरनं दाखवलं १.०२ किलोमीटर. म्हणजे फरक दहा मीटरचा. वळणावर मीटर थोडं कोपरं कापतं, त्यामुळे खऱ्याहून किंचित कमीच दाखवतं. आमच्या वादात ते लक्षात ठेवण्यासारखं होतं.

मग खरी मोजणी. मी आणि नववीतल्या दोघी, अशा आम्ही तीन सकाळी शाळेपर्यंत गेलो आणि तीन संध्याकाळी परत आलो. ५.८ किलोमीटर. एकदा ५.७, बाकी सगळ्या वेळा ५.८. मग चार कुठून आले? मोबाईलच्या नकाशावर वाडी आणि शाळा यांना सरळ रेघ मारली तर साडेतीनच्या आसपास येतात, पण तसं कावळाच जाऊ शकतो. ओढ्यातून पायवाट आहे, ती चारची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं आणि एरवीही तिथून सायकल जात नाही, खांद्यावर घ्यावी लागते. चाकं जातात ती बंधाऱ्यावरून फाट्याला वळसा घालून. कागद लिहिणारा पायवाटेनं गेला असेल, उन्हाळ्यात.

मीटर चढही मोजतं. त्यात हवेचा दाब ओळखणारा छोटा भाग असतो. उंचावर हवा विरळ होते, त्यावरून ते चढ काढतं. सकाळी जाताना उतार आहे, म्हणून २३ मिनिटं लागली. संध्याकाळी येताना ३५. शाळेपासून वाडीपर्यंत एकूण चढ ९६ मीटर निघाला. तीस मजली इमारत चढल्यासारखं झालं ते, पाठीवर दप्तर आणि पोटात दुपारची खिचडी घेऊन. मुली घरी येऊन आडव्या होतात तेव्हा आपण म्हणतो, "काय गं, पाणी कोण भरणार?" मीही म्हणते.

आता अडचण ऐका. मानव विकास कार्यक्रमात असलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. अट अशी की घर शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत हवं. कागदावर चार आहेत म्हणून आमच्या मुलींना सायकली मिळाल्या. आम्हीच ५.८ लिहून दिले तर पुढच्या मुलींचं काय? पण चार म्हणत राहिलो तर वाडीपर्यंत बस मागायला तोंड उरत नाही. "इतकं जवळ, बस कशाला?" हे उत्तर आम्ही दोनदा ऐकलंय.

गटाच्या बैठकीत यावर दीड तास बोलणं झालं. एका काकूंचं म्हणणं होतं, "हातातली सायकल सोडून न दिसणारी बस कशाला मागता? मीटर भाच्याला परत द्या आणि गप्प बसा." त्यांच्या दोन नाती पुढच्या वर्षी आठवीत जातील. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण बंधाऱ्यावरच्या रस्त्याला कठडा नाही, हिवाळ्यात सहाच्या आत अंधार पडतो आणि वाडीतल्या तिघींची शाळा आठवीनंतर सुटली ती याच रस्त्यामुळे. शेवटी अकरा जणींनी खरा आकडा लिहायचा म्हणून हात वर केले, चौघींनी केले नाहीत. अर्जात आम्ही तीन अंतरं वेगवेगळी लिहिली: सरळ रेघेचं, पायवाटेचं आणि चाकाचं. सोबत खडूनं केलेली मोजणीही लिहिली. आमच्या यंत्राचा आकडा सरकारी पुरावा होत नाही, म्हणून खाली मागणी केली की कार्यालयानं स्वतःचा माणूस पाठवून, आमच्या मुलींबरोबर त्याच रस्त्यानं अंतर मोजावं.

हेच शेताच्या बांधालाही लागू आहे, म्हणून सांगून ठेवते. मीटर घेऊन बांधावरून फिरून भावकीशी भांडायला जाऊ नका. पाच मीटरची चूक सडकेवर चालते, बांधावर नाही. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच हवी.

आणि मुलींच्या आयांनो, हे नीट ऐका. मीटर स्वतः कुणाला काही सांगत नाही, पण त्यात साठलेला रस्ता मोबाईलवर घेऊन लोक एकमेकांना दाखवतात. स्ट्राव्हा नावाचं ॲप त्यासाठी जगभर वापरतात. जगभरच्या लोकांचे असे रस्ते त्यांनी एका नकाशावर मांडले आणि २०१८ च्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की त्यात सैन्याचे तळसुद्धा दिसताहेत. सैनिक धावायला जाताना यंत्र लावत होते ना! मग मुलगी रोज किती वाजता, कोणत्या घरातून निघते हे दिसायला किती वेळ? ॲपमध्ये सुरुवातीची जागा लपवायची सोय असते. आम्ही त्याहून सोपं केलं. आकडे वहीत उतरवले, मोबाईलला मीटर जोडलंच नाही, आणि भाच्याला परत द्यायच्या आधी सगळे रस्ते पुसून टाकले.

विकत घ्यावं का? मला विचाराल तर नको. साधं मीटर तीन-चार हजारांपासून मिळतं, भारीतलं तीस हजारांच्या पुढं जातं. रोज तोच रस्ता असेल तर एकदा मोजून काम होतं. मोबाईलमध्येही जीपीएस असतं, फक्त बॅटरी लवकर उतरते. आणि काहीच नसेल तर खडू, टेप आणि लाल दोरा आहेच. आमच्या तपासणीत त्यांनीच मीटरला पास केलं.

भाचा संक्रांतीला येणार आहे, तोवर मीटर आमच्याकडे आहे. अर्ज दिला त्याची पोच मिळाली, मोजायला अजून कुणी आलेलं नाही. येत्या सोमवारी आम्ही तलावापलीकडच्या वस्तीचा रस्ता मोजणार आहोत. तिथल्या बायकांनी सकाळी साडेसातला बंधाऱ्यावर यावं. शाळेत जाणारी एक तरी मुलगी सोबत आणा, रस्ता तिलाच माहीत असतो. नमस्कार.