सुईची भीती आणि माझे खोटे रोजे

(लग्नाच्या वयाच्या तरुण-तरुणींसाठी घेतलेल्या थॅलेसेमिया तपासणी शिबिराच्या सुरुवातीला केलेलं भाषण)

 

आजाराबद्दल डॉक्टरसाहेब बोलतीलच. मला इथे उभं केलंय ते सुईला घाबरणारा माणूस म्हणून. हसताय, हसा. पण मागच्या दोन रांगांत काहीजण हसत नाहीयेत, ते मला दिसतंय. मी त्यांच्याशीच बोलणार आहे.

मी १९ वर्षांचा असताना कॉलेजच्या रक्तदान शिबिरात खाली पडलो. सुई टोचायच्या आधीच. डोळे उघडले तेव्हा माझे पाय खुर्चीवर ठेवलेले होते आणि भोवती सगळा वर्ग. "बकरीदला गोश्त वाटत फिरतोस आणि सुईला घाबरतोस?" हे वाक्य मी पुढे वर्षभर ऐकलं. त्यानंतर आठ वर्षं मी कसलीही रक्ततपासणी करू दिली नाही.

मग माझं लग्न ठरलं, मामूंच्या मुलीशी. दोघांनी तपासणी करून घ्या, असं सांगितलं गेलं. ती त्याच आठवड्यात जाऊन आली. रिपोर्ट आला, थॅलेसेमिया मायनर. मायनर म्हणजे आजारी नव्हे, ती ठणठणीत होती. प्रश्न होता माझा. मीही मायनर निघालो असतो, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. मेजर मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. आणि आम्ही नात्यातले, तेव्हा तोच दोष माझ्यातही असण्याची शक्यता परक्या मुलापेक्षा जास्त. म्हणजे सगळं माझ्या दोन-तीन मिलिलिटर रक्तावर अडलेलं. चहाचा अर्धा चमचा म्हणा.

मी गेलो नाही. रमजान होता, म्हटलं रोजा आहे. तपासणीपुरतं रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमा सांगतात. हे अम्मीला माहीत होतं, मलाही. ईद झाल्यावर म्हटलं, शव्वालचे सहा रोजे ठेवतोय. एकही ठेवला नव्हता. नाक्यावर चहा पीत होतो.

चार महिने गेले. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की मुलीच्या रक्तात काहीतरी आहे, म्हणून मुलगा लांबवतोय. मामींनी अम्मीला फोन करणं सोडलं. हे सगळं माझ्या कानावर येत होतं आणि मी गप्प होतो. "मला सुईची भीती वाटते" हे चार शब्द बोलण्यापेक्षा लोक तिला नावं ठेवतायत ते मला सोपं वाटलं. सुईला घाबरण्याची मला आज लाज नाही. या गप्प बसण्याची आहे.

शेवटी तिनेच फोन केला. "लग्न नको असेल तर सरळ नाही म्हण. माझ्या रक्तावर ढकलू नकोस." मग मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन दारात हजर.

लॅबमधल्या बाईंना मी आधीच म्हटलं, मला चक्कर येते. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, आडवे व्हा." बस, एवढंच. आठ वर्षं ज्याला घाबरलो त्यावर पहिला इलाज हा.

पुढे मी याबद्दल वाचलं. उंचीची किंवा कुत्र्याची भीती वाटली की रक्तदाब वाढतो आणि तसाच राहतो. रक्त आणि सुईच्या भीतीत बऱ्याच जणांचा तो आधी थोडा वाढतो आणि मग एकदम खाली येतो, नाडीही मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, मर्दानगीचा यात काही संबंध नाही. बऱ्याचदा ती घराण्यातच असते. आमचे अब्बा कुर्बानीच्या वेळी दरवर्षी काहीतरी आणायला बाजारात का जायचे, ते मला तेव्हा कळलं.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी यावर एक साधी युक्ती विकसित केली. मांड्या, पोट आणि मोकळ्या हाताची मूठ १०-१५ सेकंद घट्ट आवळायची, चेहरा गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत. मग २०-३० सेकंद सोडायचं. असं पाच वेळा. त्याने रक्तदाब टिकतो. ज्या हातातून रक्त काढायचंय तो हात मात्र सैल ठेवा.

आता हात दुखण्याचं. माझं रक्त काढून झालं, मी कोपरातून हात दुमडला आणि पळालो. घरी येऊन त्याच हाताने गॅसचा सिलिंडर उचलला. दुसऱ्या दिवशी कोपराच्या खळीत हे एवढं निळं! शिरेतून थोडं रक्त कातडीखाली पसरतं, त्याचा तो डाग. निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होत एक-दोन आठवड्यांत जातो. कापूस लावल्यावर हात सरळ ठेवून दोन ते पाच मिनिटं दाबून धरा. दुमडू नका, चोळू नका. त्या दिवशी त्या हाताने जड काही उचलू नका. दुखलं तर फडक्यात बर्फ गुंडाळून शेका. सुई आत असताना विजेसारखी कळ बोटांपर्यंत गेली तर सहन करत बसू नका, लगेच सांगा, सुई काढतील. नंतर बोटं बधिर राहिली, सूज वाढली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

माझा रिपोर्ट नॉर्मल आला. लग्न झालं. मामींनी मला माफ करायला मात्र पहिली मुलगी होईपर्यंत वेळ घेतला.

या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा नाश्ता न करता आलेल्यांनी आधी बाहेर पोहे खाऊन घ्या. दाराशी पाण्याच्या बाटल्या आहेत. आतल्या खोलीत दोन खाटा टाकल्यात. ज्यांना आडवं होऊन द्यायचंय त्यांनी नाव लिहिताना तेवढं सांगा. कुणी सोबत हवं असेल तर मी इथेच आहे.