डब्यावरची दोन अक्षरं

कोणी गोठ्यात असाल, कोणी चुलीपुढं, कोणी शेतावर निघायच्या गडबडीत. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडं असू द्या. आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगणार आहोत. चूक तेलाची आहे. फोडणीच्या नव्हे, मोटारसायकलच्या.

तुम्ही म्हणाल, गाडीचं तेल हा पुरुषांचा विषय. आम्हीही तसंच म्हणत होतो. त्याचे पैसे मात्र आमच्या बचतीतून गेले.

आम्ही अकराजणी. गटाच्या पैशातून एक जुनी, गिअरची मोटारसायकल घेतली. वाडीतलं दूध गोळा करायचं आणि चढावरच्या संकलन केंद्रावर पोचवायचं. आमच्यातल्या एका ताईनं रीतसर लायसन्स काढलं आणि ती रोज पहाटे दोन कॅन लावून निघू लागली. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग तेल बदलायची वेळ आली. गावातल्या दुकानात मोटारसायकलचं तेल संपलं होतं. आमच्यातल्या एकीच्या दिरांकडं मोटारकार आहे. त्यांच्या घरी उरलेला तेलाचा डबा होता. ते म्हणाले, "वहिनी, हे भारीतलं तेल आहे. तुमच्या गाडीला चांगलंच मानवेल." मनानं चांगलं म्हणूनच दिलं आणि आम्हीही आनंदानं ओतलं.

आठ-दहा दिवसांनी ताई सांगू लागली, "रेस वाढते, पण गाडीला ओढ नाही." आम्ही म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच. आणि एका पहाटे भर चढावर गाडीचा आवाज नुसता वाढत गेला, गाडी मात्र जागची हलेना. मग ती मागं सरकायला लागली. ताईनं ब्रेक दाबला, पाय टेकला, पण तोल गेला आणि एक कॅन कलंडला. चाळीस लिटर दूध रस्त्यावर. ताईच्या गुडघ्याला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. मागून एखादा ट्रॅक्टर आला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

तालुक्याच्या मिस्त्रीनं गाडी खोलली. क्लचच्या प्लेटा काळ्या पडल्या होत्या, जळका वास येत होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "ताई, तेल कोणतं टाकलं होतं?"

आता हे तेलाचं गणित नीट समजून घेऊ.

कारमध्ये इंजिनाचं तेल वेगळं आणि गिअरचं तेल वेगळं असतं. हातानं गिअर टाकायच्या कारचा क्लच तर बहुतेक कोरडाच, त्याला तेल लागत नाही. आपल्या गिअरच्या मोटारसायकलचं तसं नाही. तिथं बहुतेक गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच तेल पुरतं. क्लच त्या तेलातच भिजलेला असतो, म्हणून त्याला ओला क्लच म्हणतात. दुरडीत भाकरी एकावर एक रचाव्यात तशा त्यात चकत्या असतात. एक खरखरीत अस्तराची, एक लोखंडी, पुन्हा एक खरखरीत. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. चकत्यांनी एकमेकींना धरलं की इंजिनाचा जोर चाकापर्यंत जातो. आपण क्लच दाबला की ही पकड सुटते.

म्हणजे या तेलाकडं दोन कामं आहेत. इंजिनात घासणं कमी करायचं आणि क्लचमध्ये पकड राहू द्यायची. कारच्या बऱ्याच तेलांत इंधन वाचावं म्हणून जास्त घसरडेपणा आणणारी द्रव्यं घातलेली असतात. कारला ती चांगलीच. पण ओल्या क्लचला ती म्हणजे तेलकट हातानं विहिरीचा दोर ओढण्यासारखी. रिकामी घागर येईलही वर, भरलेली आली की दोर हातातून सुटतो. सपाट रस्त्यावर, एकट्या माणसाला कदाचित कळणारही नाही. ओझं आणि चढ एकत्र आले की कळतं. प्लेटा घसरतात, घसरून तापतात, तापून जळतात.

मग बरोबर तेल ओळखायचं कसं? त्यासाठी डब्याच्या मागच्या बाजूला बघायचं. जपानमध्ये १९९८ साली चार-स्ट्रोक मोटारसायकलच्या तेलासाठी जासो नावाचं मानक आलं. आपल्याकडच्या डब्यांवरही ते छापलेलं असतं. त्याच्यापुढं दोन इंग्रजी अक्षरं असतात. एमए असेल तर ते ओल्या क्लचसाठी. एमबी असेल तर ते जास्त घसरडं, ओल्या क्लचला चालत नाही. २००६ पासून एमएचे एमए-१ आणि एमए-२ असे दोन भाग केले आहेत. दोन्ही ओल्या क्लचचेच, त्यातलं एमए-२ जास्त पकड देणारं.

इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाही. पहिलं अक्षर एम, म्हणजे शेजारी शेजारी दोन डोंगर. दुसरं ए, म्हणजे मधे आडवी काडी लावलेला तंबू. डोंगर आणि तंबू दिसले की तेल गिअरच्या मोटारसायकलचं. तंबूच्या जागी उभी काडी आणि तिला उजवीकडं दोन फुगलेली पोटं दिसली, तर ते बी. तो डबा खाली ठेवा.

बिनगिअरच्या स्कूटरचं वेगळं आहे. तिचा क्लच सहसा कोरडा असतो, म्हणून तिला एमबी तेल चालतं. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर डबे वेगळे ठेवा आणि वर खूण करा. पर्यटनाच्या गावांत मोठ्या चाकांच्या एटीव्ही गाड्या भाड्यानं देतात. त्यांतल्याही पुष्कळ गाड्यांना ओला क्लच असतो. कोणाच्या घरी तो धंदा असेल तर गाडीची पुस्तिका बघून हीच अक्षरं तपासा. आणि फवारणीच्या पंपासाठी पेट्रोलात मिसळतात ते टू-टी तेल मोटारसायकलच्या इंजिनात कधीच ओतू नका.

डब्यावर आकडेही असतात. १० डब्ल्यू ३०, २० डब्ल्यू ४०, २० डब्ल्यू ५०. हा तेलाचा पातळ-घट्टपणा. पहिला आकडा थंड असतानाचा, दुसरा गरम झाल्यावरचा. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच घ्यायचा. जुन्या गाडीची पुस्तिका मिळाली नाही तर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून कागदावर लिहून आणा. आमचा कागद आता गटाच्या वहीत चिकटवलेला आहे.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीनं सांगितली, ती न्यायानं सांगायला हवी. क्लच घसरला की दर वेळी दोष तेलाचाच असतो असं नाही. क्लचची केबल फार ताणलेली असली तरी पकड अर्धवट राहते. चढावर क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवायची सवय असली तरी प्लेटा जळतात. म्हणून आधी केबल बघायची, मग तेल. चुकीचं तेल पडल्याचं लवकर लक्षात आलं तर ते काढून बरोबर तेल भरल्यावर क्लच सुधारू शकतो. आम्ही उशीर केला. प्लेटा बदलाव्या लागल्या, दोन महिन्यांची बचत गेली.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. तेल सीलबंद डब्यातलंच घ्यायचं आणि पक्कं बिल घ्यायचं. डबा आपल्यासमोर फोडायला लावायचा, रिकामा झाला की त्याला भोक पाडायचं, म्हणजे त्यात कोणी भलतंच भरून विकणार नाही. दर आठवड्याला गाडी सपाट जागी सरळ उभी करून तेलाची पातळी बघायची. काढलेलं काळं तेल गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. ते डब्यात भरून गॅरेजमधल्या जुन्या तेलाच्या पिंपात द्यायचं. हाताला लागलं तर साबणानं लगेच धुवायचं.

आता तेल बदलायच्या दिवशी आमच्यातली एकजण गॅरेजात उभी राहते. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथली मुलं हसली. आम्ही डबा हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, "यावर एमए कुठं आहे?" ती दुसरा डबा आणायला आत गेली.

ताई आजही पहाटे दूध घेऊन चढ चढते. आज घरी गेल्यावर तुमच्या गाडीत कोणतं तेल आहे, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर डबा मागून घ्या आणि स्वतः बघा.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.