काळी पिशवी आणि मोबाइल नंबर

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण मारहाण, पोटगी, रेशन यांवर बोललो. त्या मानाने माझा विषय किरकोळ वाटेल. दुकानातून पॅडचा पुडा आणायचा, गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या, अंगावरून पांढरं जातं म्हणून औषध आणायचं, आतले कपडे आणायचे. पाच मिनिटांचं काम. यावर भाषण कसलं?

पण या पाच मिनिटांसाठी बाई किती आटापिटा करते ते बघा. मेडिकलमध्ये चार पुरुष उभे असले तर ती बाहेरच रेंगाळते. आत गेली तरी आधी डोकेदुखीची गोळी मागते, मग हळूच म्हणते, "ते पण द्या." कंपनीचं नाव घेते, वस्तूचं घेत नाही. दुकानदारही तितक्याच लगबगीने पुडा खाली घेतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि काळ्या पिशवीत घालतो. शेजारच्या गिऱ्हाइकाचं दाढीचं क्रीम आणि ब्लेड मात्र उघड्यावर हातात येतं. गंमत म्हणजे तशी काळी पिशवी हातात दिसली की साऱ्या गल्लीला कळतं आत काय आहे ते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. आमच्या भागात भाजीवाल्याकडे पिशवी मिळेनाशी झाली, पण मेडिकलच्या काउंटरखालची काळी पिशवी बरीच वर्षं शाबूत होती. नाही तिथे वर्तमानपत्राचा आणखी एक थर आला.

मग ही पिशवी कुणाच्या सोयीसाठी असते? बाईच्या, की तो पुडा नजरेला पडू नये असं वाटणाऱ्यांच्या?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत १९२० साली कोटेक्स नावाचे पॅड बाजारात आले. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा एक पदार्थ बनवला होता, तोच त्यात वापरला होता. माल चांगला, पण खपेना. दुकानात विकणारा पुरुष, त्याच्याकडे मागायचं कसं? तेव्हा पुडे काउंटरवर ठेवले गेले आणि शेजारी पैसे टाकायला डबा. बाईने पुडा उचलायचा, पैसे टाकायचे आणि चालू लागायचं. पुढे १९२८ साली जॉन्सन अँड जॉन्सनने आपल्या मोडेस पॅडच्या जाहिरातीत एक कुपन छापलं. ते कापून दुकानात नेऊन दिलं की तोंडातून एक शब्द न काढता पुडा मिळायचा.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे बायकांची अडचण खरी होती, आणि मनात आणलं तर दुकानदार सोय करू शकतो. दुसरी म्हणजे लाज जाण्याशी कंपन्यांना काही देणंघेणं नव्हतं. लाजेला वळसा घालून माल खपला की झालं. पुढे कित्येक वर्षं आपण टीव्हीवर निळ्या पाण्याच्या जाहिराती पाहिल्या. 'कुणाला कळणार नाही' हेच पॅडसोबत विकलं गेलं.

म्हणून लाज आणि खाजगीपण या दोन गोष्टी आपण नीट वेगळ्या करायला हव्यात. दोन्हींत वस्तू झाकलेलीच असते, त्यामुळे बाहेरून त्या सारख्या दिसतात. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: ठरवतं कोण? न विचारता दुकानदाराने गुंडाळलं, तर ती त्याने आपल्यावर लादलेली लाज. "पिशवी हवी का?" असं त्याने विचारलं आणि बाईने हो किंवा नाही म्हटलं, तर ते तिचं खाजगीपण. माझ्या शरीराविषयी कुणाला काय कळावं हे मी ठरवीन, एवढाच त्याचा अर्थ.

इथे आपल्या तरुण कार्यकर्त्यांशी थोडं बोलायचं आहे. तुम्ही म्हणता, पिशवी नाकारा, पुडा हातात धरून चाला. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. त्याने वातावरण बदलतं. पण दहा बाय दहाच्या खोलीत सासरा, दीर आणि तीन मुलं यांच्यासोबत राहणारी बाई पिशवी मागते, तेव्हा तिला मागासलेली ठरवू नका. आणि सासूला नातू हवा म्हणून नवऱ्याने गोळ्या बंद करायला लावल्या, आणि तरी ती चोरून गोळ्या घेते, तिच्यासाठी ती पिशवी म्हणजे संरक्षण आहे. पाकीट सापडलं तर मार बसतो. अशा बायका आपल्या केंद्रात येतात, तुम्हालाही भेटल्या असतील. त्यांच्यापुढे 'लाजू नका' हे भाषण काय कामाचं?

आता काउंटरवरच्या प्रश्नांकडे येऊ. औषधाच्या दुकानात काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचं उदाहरण घ्या. आपल्या देशात २००५ सालापासून ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी आहे. संबंधानंतर ७२ तासांच्या आत ती घ्यायची असते, आणि जितकी लवकर घ्यावी तितका उपयोग जास्त. तेव्हा "किती तास झाले?" किंवा "दुसरी काही औषधं चालू आहेत का?" हे औषधविक्रेत्याचे योग्य प्रश्न आहेत, फक्त ते हळू आवाजात विचारावेत. पण "लग्न झालंय का?", "घरी माहीत आहे का?", "नवऱ्याला पाठवा" हे बोलण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? असे प्रश्न येतील या भीतीने मुलगी दुकान रिकामं व्हायची वाट पाहते, आज नको उद्या म्हणते, मैत्रिणीला पाठवते. इथे घड्याळ चालू असतं. तिचे चार-सहा तास असेच गेले, तर त्याची किंमत दुकानदार मोजत नाही, तिचं शरीर मोजतं.

गर्भपाताच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण तिथेही कायद्याने बाईचं नाव जपलं आहे. गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव आणि माहिती डॉक्टरने अनधिकृत माणसाला सांगितली, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. डॉक्टरला जे बंधन आहे त्याची आठवण काउंटरवरच्या पोऱ्यालाही करून द्यायला हवी.

गावात तर अडचण दुप्पट. एकच मेडिकल, मालक नात्यातला नाही तर ओळखीचा. "वहिनी, बरं नाही का?" एवढ्या एका प्रश्नाने संध्याकाळपर्यंत बातमी पारावर. मग बाई एसटीने तालुक्याला जाते. पुडा चाळीस रुपयांचा असला तरी भाडं आणि बुडालेला रोज वेगळा. जिला ते परवडत नाही ती कापडावर भागवते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ६४ टक्के जणींनी पॅड वापरतो असं सांगितलं आणि ५० टक्के जणींनी कापड. काही जणी दोन्ही वापरतात. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेलं कापड वाईट नसतं. पण ज्या घरात ते उन्हात घालायचीही चोरी, तिथे ते अंधारात ओलंच राहतं. सरकारने २०१८ च्या जुलैमध्ये पॅडवरचा जीएसटी काढला, जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळू लागला. या चांगल्या गोष्टी झाल्या. पण किंमत उतरली तरी काउंटर ओलांडायचा राहतोच.

आता यात नवीन भर पडली आहे, तिच्याकडे आपलं पुरेसं लक्ष नाही. मोठ्या दुकानात, साखळी मेडिकलमध्ये बिल करताना आधी विचारतात, "मॅडम, मोबाइल नंबर?" आपण सवयीने सांगतो, तोही मोठ्याने, मागे उभ्या असलेल्या पाच जणांसमोर. काउंटर इथे छान, पुडे उघड्या फळीवर, कुणी गुंडाळत नाही, कुणी रोखून बघत नाही. आपल्याला वाटतं, सुटलो. पण त्या नंबरखाली आपण काय घेतलं, कधी घेतलं, याची नोंद राहते.

हा नंबर कुणाचा असतो? आपल्या वस्तीत कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. एका बाईने गरोदरपणाची तपासणी करायची पट्टी घेतली आणि सवयीने घरचा नंबर दिला. बिलाचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर गेला. त्यात वस्तूचं नाव आणि किंमत. पट्टी वापरायच्या आतच घरात उलटतपासणी सुरू. काळ्या पिशवीने जे झाकलं असतं ते त्या मेसेजने घरपोच केलं.

नोंदींतून काय काय काढता येतं याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत टार्गेट नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. बायकांच्या खरेदीवरून कोण गरोदर असेल याचा अंदाज बांधायची पद्धत तिच्या संख्याशास्त्रज्ञाने बसवली, हे २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात छापून आलं. बिनवासाचं लोशन, कॅल्शियम आणि झिंकच्या गोळ्या अशा साध्या पंचवीसेक वस्तूंवरून हा अंदाज केला जाई. हेतू एवढाच, की बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती वेळेवर धाडता याव्यात. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण दुकानाला कळलं होतं. मालक ओळखीचा असला की बातमी पारावर जाते. इथे ती कुठे जाते हे आपल्याला कळतही नाही, आणि म्हणून भांडताही येत नाही.

कायदा आपल्या बाजूने किती आहे? बराच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुकानदाराने दुसऱ्याला दिली तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. फक्त दुसऱ्या कायद्याने किंवा सार्वजनिक हितासाठी द्यावी लागली तर अपवाद. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवलं, की मोबाइल नंबरसाठी आग्रह धरू नका, नंबर दिला नाही म्हणून माल नाकारू नका. त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं. माहिती कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, संमती मागे घेतली तर थांबा, असा त्याचा गाभा आहे. पण काउंटरवर उभ्या बाईला यातलं एकच वाक्य पुरेल: "नंबर देणार नाही, बिल द्या."

मग आपण संघटना म्हणून काय करायचं? चार कामं सुचवते.

पहिलं, आपापल्या भागातल्या मेडिकलवाल्यांना भेटा. भांडायला नको, बोलायला. पॅड, गर्भनिरोधक, तपासणीच्या पट्ट्या हात पोचेल अशा फळीवर ठेवा, किंमत दिसू द्या. पिशवी देण्याआधी विचारा. जमेल तिथे काउंटरवर बाई बसवा. नंबर सक्तीने मागू नका, आणि मागितलाच तर मोठ्याने वदवून घेऊ नका. यात दुकानदाराचा पैशाचा खर्च जवळपास नाही.

दुसरं, वस्तीतल्या बैठकीत 'नंबर देणार नाही' हे वाक्य बायकांकडून म्हणवून घ्या. ऐकताना हसू येतं. पण जिने ते दहा जणींत एकदा मोठ्याने म्हटलं, तिला ते दुकानात म्हणायला सोपं जातं. पॅड, निरोध, गर्भनिरोधक गोळी हे शब्दही असेच उच्चारून घ्या.

तिसरं, मुलग्यांना आणि नवऱ्यांना यात आणा. भाऊ बहिणीसाठी पुडा आणायला लागला की दुकानातलं कुजबुजणं कमी होतं. मात्र त्याने आणायचा तो तिने सांगितला म्हणून. तिचं दुकानात जाणं बंद व्हावं म्हणून नव्हे.

चौथं आपल्याबद्दल आहे. २०१८ च्या अस्मिता योजनेत गावोगावच्या बचत गटांच्या बायका पॅड विकू लागल्या. विकणारी बाई असल्याने पुष्कळ मुलींना धीर आला. पण विकणारी बाई असली की खाजगीपण आपोआप जपलं जातं असं नाही. गटाच्या उधारीच्या वहीत कुणी काय नेलं हे लिहिलेलं असतं आणि वही बैठकीत सगळ्यांच्या हातून फिरते. "अमकीने या महिन्यात पुडा नेला नाही, काय गं?" हे आपल्याच ओसरीवर ऐकू येतं. आपल्या केंद्रातल्या नोंदवह्याही उघड्या टेबलावर पडलेल्या असतात. दुकानदाराकडे जे मागायचं ते आधी आपल्या घरात सुरू करू. वहीत रक्कम लिहा, वस्तू लिहू नका. वही कुलपात ठेवा. आणि कुणी काय नेलं हा विषय बैठकीत निघाला, तर तिथेच थांबवा.

पुढच्या तिमाही बैठकीला येताना प्रत्येक गटाने किमान दोन दुकानदारांशी बोलून यावं. ते काय म्हणाले, कुठे अडलं, कुठे पटलं, ते लिहून आणावं. त्यावरून सगळ्या दुकानांत लावता येईल असं एका पानाचं मराठी पत्रक आपण मिळून तयार करू. त्याचा मजकूर, काउंटरपलीकडे उभं राहून ज्यांनी हे भोगलं आहे, त्या बायकांनीच सांगायचा.